ठेवून दिलेलं पुस्तक

(अहमदनगर, डिसेंबर १९९९. चितळे रोडवरचं तौफिकचं पुस्तकांचं दुकान. दुपारचे अडीच. गिऱ्हाईक म्हणून सोनईहून आलेले भीमराज आणि त्यांची बायको भागिरथी.)

तौफिक : नाही काका, ते नका घेऊ. ते टायपिंगचं आहे. तुम्ही वेबसाइटचं म्हणालात ना?

भीमराज : व्हय, वेबसाइटचं. ती बनवायचं सॉफ्टवेअर असतंय, ते शिकायचं. हे बगा, कागदावर उतरवून आनलंय. पडद्यावर दिसली तशी अक्षरं काढलीत. एबीसीडी येती मला. शाळंत शिपाई हुतो, तीस वरीस. पन जोडून वाचलं की अर्थ लागत न्हाई.

तौफिक : बघू. अरे वा, छान उतरवलंय. हे वरचं सॉफ्टवेअरचं नाव, आणि हा आकडा म्हणजे अठ्ठ्याण्णवची आवृत्ती. बरं झालं आकडा आणलात. पुस्तक एका आवृत्तीचं आणि कॉम्प्युटरमध्ये दुसरीच असली, की पुस्तकात सांगितलेलं बटण पडद्यावर सापडतच नाही. लोक परत येऊन माझ्याशी भांडतात. मावशी, उभ्या का? ते स्टूल ओढून घ्या.

भागिरथी : हाय तशी बरी हाय.

तौफिक : शिकणार कोण, मुलगा का?

भीमराज : मी.

तौफिक : तुम्ही?

भीमराज : का? साठीच्या मानसाला बंदी हाय का?

तौफिक : तसं नाही हो. उलट बरं वाटलं. मग असं बघा, माझ्याकडं तीन आहेत. हे जाड, विलायती. मागं सीडी आहे. हे दुसरं दिल्लीचं, चित्रं भरपूर पण कागद पिवळा आणि चुकाही पुष्कळ. आणि हे पातळ, मराठीतलं. एकेक पायरी सांगतं, आधी हे दाबा, मग ते दाबा. तुमच्यासाठी हेच.

भीमराज : ह्यात एकादी चालू गोष्ट बंद कशी करायची ते हाय का?

तौफिक : कसली गोष्ट?

भीमराज : आमच्या घरी कम्प्युटर हाय. त्यात एक पान हाय, अर्ध्यात राह्यलेलं. त्या पानावर खालच्या अंगाला एक मानूस हाय. इतकुसा, बोटाच्या पेराएवढा. पिवळी टोपी घातलेला. हातात फावडं. तो खनतोय.

तौफिक : हां हां, माहिती आहे मला. ते चित्र लावायची पद्धतच आहे. पान अजून तयार व्हायचंय, काम चालू आहे, असं सांगायला.

भीमराज : ते समजलं मला. पन तो थांबत न्हाई. माती उचलतो, टाकतो, परत वाकतो. दहा महिने झाले. मी बटन बंद करतो, वर कापड झाकतो. दुसऱ्या दिशी लावलं की हायेच. लाईट गेली की तेवढा गप. आली की मला वाटतं, आतमधी सुरू झाला आसंल.

भागिरथी : मला तर कापडाखाली बी दिसतो. भाकरी थापताना पाठीमागं माती पडल्यावानी वाटतं. यांना म्हनलं, इका ते डबडं. न्हाईतर त्याला थांबवा. कुनासाठी खनतोय तो एवढं?

तौफिक : मावशी, ते नुसतं चित्र आहे. त्या चित्रावर एकदा क्लिक करायचं आणि डिलीटचं बटण दाबायचं. झालं. त्याला पुस्तकसुद्धा नको.

भीमराज : एवढंच?

तौफिक : एवढंच.

भीमराज : मंग ते पान पुरं झालं असं धरायचं का? झालेलं नसताना? मला तसा न्हाई थांबवायचा त्याला. मला ते पान पुरं करायचंय. मंग तो आपुआप जाईल.

तौफिक : कसलं पान आहे?

भीमराज : गावाचं. शाळा, बाजार, विहार, दर्गा, कारखाना, अशी बटनं केलीत. एकबी चालत न्हाई, फकस्त बाजाराचं चालतं. ते दाबलं की हिचा फोटू येतो. भाजी घिऊन बसलेली. डोळं बारीक केल्यालं, ऊन हुतं ना. वरती मोठ्या अक्षरात मराठीत लिवलंय, 'आपलं सोनई'.

तौफिक : असंच लिहिलंय? नक्की?

भीमराज : काय वो? काय झालं?

तौफिक : काही नाही. आपलं सोनई. चांगलं नाव आहे. तुम्ही असं करा काका, हे पातळ घेऊन जा. पैसे राहू द्या. वाचा, जमलं तर ठेवा, नाहीतर परत आणून द्या. मला आता दुकान बंद करायचंय जरा.

भागिरथी : आत्ता तर उघडलं दुपारच्याला. आमी पायरीवर बसून हुतो तुमी येईस्तोवर.

तौफिक : हो, पण वडिलांना दवाखान्यात न्यायचंय. नबीलाल, माझे वडील. त्यांना दम लागतो.

भीमराज : नेताल. मी दोन मिनटं घेतो. मला पातळ नको. पोरीनं जे लिवून ठिवलंय तेच पायजे. तिची वही आनलीय. पिशवी दे गं. हे बगा, ह्या पानावर. हे मराठीत हाय, हे मी वाचू शकतो. "संदर्भाचं पुस्तक. नगर, तौफिकभाईंनी ठेवलंय. शनिवारी आणायचं."

तौफिक : हो.

भीमराज : तौफिकभाई तुमीच ना?

तौफिक : मीच.

भीमराज : म्हनून तर वाट वाकडी करून इथं आलो. नायतर सावेडीत बी दुकानं हायेत, कम्प्युटरचे क्लास हायेत. ही वही परवा गावली मला, धान्याच्या कोठीमागं पडल्ती. वाचलं आनि मला एक कोडं पडलं. आमची दीपा शनिवारी सकाळच्या एष्टीनं निघाली. आईला म्हन्ली, नगरला जाऊन येते, दुपारच्याला घोडेगावपर्यंत कोनीतरी घ्यायला पाठवा. नगर म्हन्ली. आनि गावली कुटं? सुप्याच्या पुढं, पुन्याच्या रस्त्याला. जीप ट्रकवर गेल्ती. ती आनि क्लासवाला तुषार, दोघं बी जागच्या जागी. जीपचा डायवर चौथ्या दिशी गेला. इचारायला कुनी उरलं न्हाई.

तौफिक : काका, तुम्ही बसा. तुम्ही तरी बसा.

भीमराज : मी बसत न्हाई. मला सांगा, पुस्तक तुमच्यापाशी ठेवल्यालं हुतं, तर ती पुन्याला का निघाली?

भागिरथी : त्याला कशाला इचारता? गावानं सांगितलंय की कशाला निघाली ते. पान्याच्या टाकीपाशी सांगितलं, बाजारात सांगितलं. रंगुबाईनं तर माझ्या तोंडावर सांगितलं, पळून चालल्ती म्हनून. दोन मढी एका जीपमधी, आनि आईला सांगितलं दुसऱ्याच गावाचं नाव. मानसं काय म्हनत्याल दुसरं?

भीमराज : तू गप जरा.

भागिरथी : दहा महिने गपच हाय.

तौफिक : ती पळून चालली नव्हती.

भीमराज : काय म्हनालात?

तौफिक : ती पुस्तकासाठी गेली. मी ठेवलं नव्हतं पुस्तक. म्हणजे ठेवलं होतं, आणि मग... मला सलग सांगू द्या. मधे विचारू नका, नाहीतर मी परत थांबेन.

भीमराज : बोला.

तौफिक : ती इथं दर पंधरा दिवसांनी यायची. तिथं, त्या मांडणीपाशी उभी राहून वाचायची. मी ओरडत नव्हतो. तिनंच सगळी पुस्तकं चाळून एक ठरवलं होतं. हे मराठीतलं तिनं दोन दिवसांत संपवलं होतं, क्लासमध्ये बसून. मला म्हणाली, "तौफिकभाई, शिकवणारं पुस्तक आता नको. अडेल तिथं सांगणारं हवं. एकेका बटणाचं, शब्दकोशासारखं." ते असं जाड विलायती. एकच प्रत होती. मी तिच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. शनिवारी येते म्हणाली.

भीमराज : मंग?

तौफिक : शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजचे एक प्राध्यापक आले. त्यांना तेच हवं होतं. मोठं गिऱ्हाईक, वर्षभराची पुस्तकं माझ्याकडून नेतात. मी चिठ्ठी काढली आणि त्यांना दिलं. म्हटलं, पोरगी काय, चार दिवस थांबेल.

भागिरथी : आनि शनिवारी?

तौफिक : दहाच्या सुमाराला आली. मी सांगितलं, बुधवारी दुसरं येईल. तिचा चेहरा उतरला. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "सोमवारी शाळेत हेडसरांना दाखवायचंय हो. बटणं चालत नाहीत, कुठं चुकतंय कळत नाही." मला वाईट वाटलं. मीच म्हणालो, पुण्यात नक्की मिळेल. मीच पुण्याच्या दुकानाला फोन लावला, प्रत आहे का विचारलं. आहे म्हणाले.

भीमराज : ती म्हन्ली का जाते म्हनून?

तौफिक : नाही. म्हणाली, "आईला नगर सांगितलंय, पुण्याला गेले तर काळजी करेल." मी म्हटलं, घरी कळव. तिनं इथून, ह्या फोनवरून सोनईला लावला. किराणा दुकानाचा नंबर होता तिच्याकडं.

भीमराज : आबासाहेबांचं दुकान. त्यांच्याकडंच येतो आमचा निरोप.

तौफिक : तीनदा लावला. घंटा वाजत होती, कुणी उचलत नव्हतं.

भागिरथी : तीनदा?

तौफिक : तीनदा, मावशी. मग ठेवला. म्हणाली, जाऊ दे, बुधवारी येते. पिशवी उचलली. निघालीच होती. तेवढ्यात समोरून तुषारची जीप आली. तो क्लासचे दोन मॉनिटर दुरुस्तीला पुण्याला घेऊन चालला होता. दीपानं त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. ती खाली बघून चप्पल घालत होती. मी त्या पायरीवर गेलो आणि हाक मारली. "तुषार, हिला घेऊन जा रे, संध्याकाळपर्यंत आणून सोड." असं म्हणालो मी. तो म्हणाला, मागं मॉनिटर आहेत, पुढं बस.

भीमराज : पुढं.

तौफिक : तिनं माझ्याकडं बघितलं, जाऊ का म्हणून विचारल्यासारखं. मी म्हटलं, जा. सहापर्यंत येशील. रविवारी पेपरात वाचलं. तेव्हापासून मी पायरीवरून कुणाला हाक मारलेली नाही. चहावाल्यालासुद्धा नाही. आत बसून घंटी वाजवतो.

भीमराज : दहा महिने.

तौफिक : हो.

भीमराज : सोनई काय चंद्रावर हाय का? नगरवरनं तासा-दीड तासाचा रस्ता. एक कार्ड टाकलं असतं. सही नसती केली तरी चाललं असतं. "तुमची पोर पुस्तक आनायला गेल्ती." एवढी एकच ओळ.

तौफिक : दोनदा निघालो होतो. एकदा घोडेगावला उतरून परत आलो. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, तूच मारलंस. माझ्या घरात म्हातारा बाप, दुकान एकट्यावर. आणि आपण कोण कुठले, गावात काय होईल ते सांगता येत नाही, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू.

भागिरथी : गावात काय बोलत्यात ते ठाऊक हुतं तुला?

तौफिक : उन्हाळ्यात समजलं. तुमच्याकडचा एक गुरुजी वह्या घ्यायला आला होता. त्यानं हसत सांगितलं.

भागिरथी : आनि तू काय केलंस?

तौफिक : वह्या बांधून दिल्या.

भीमराज : चल भागिरथी. एष्टी लागली आसंल माळीवाड्याला.

भागिरथी : थांबा. लेका, तिच्या अंगावर काय हुतं त्या दिशी?

तौफिक : हिरवा पंजाबी ड्रेस. ओढणी पांढरी. ओढणीला एका टोकाला शाई लागली होती.

भागिरथी : खाल्लं हुतं का तिनं काय?

तौफिक : माझ्यासाठी चहा आला होता. अर्धा तिला दिला. ती बशीतून प्यायली. मला म्हणाली, आई रागावते बशीतून प्यायलं की, आवाज होतो म्हणून.

भागिरथी : व्हतोच आवाज.

भीमराज : बस आता तू. बस त्या स्टुलावर. पानी द्या वो हिला.

तौफिक : हे घ्या मावशी. सावकाश. काका, तुम्ही पण घ्या.

भीमराज : मला नको. ते पुस्तक बुधवारी आलं का?

तौफिक : आलं. बरोबर बुधवारी. कपाटातच आहे. कुणाला दिलं नाही, चार जण मागून गेले. थांबा, काढतो. हे. चिठ्ठी तीच लावलीय, जुनी.

भीमराज : दीपा भीमराज, सोनई. कुनाचं अक्षर?

तौफिक : तिचंच. मी लिहीत होतो, तर म्हणाली, तुम्ही "दिपा" लिहिता, मी लिहिते.

भीमराज : व्हय. दुसरी वेलांटी. पयलीत असल्यापासनं भांडायची त्याच्यावरनं. द्या हे मला.

तौफिक : काका, एक सांगू? आता तरी खरं सांगतो. हे तुमच्या उपयोगाचं नाही. सगळं इंग्रजीत, आणि ज्याला आधी येतं त्याच्यासाठी आहे. ह्यातलं पान काढून बसाल आणि हिरमुसाल. ते पातळ घ्या. त्यानं सुरुवात होईल. कुठं अडलं तर मला फोन करा, मी ह्यातून शोधून सांगेन. किंवा मी येतो. बटणं चालत नाहीत म्हणजे जोडणी चुकली असेल, ती आपण दोघं मिळून बघू.

भीमराज : तुमाला येतं ते?

तौफिक : नाही. पण शिकेन.

भीमराज : तुमी माझ्या घरात येऊन त्या कम्प्युटरपुढं बसनार, तिच्या खुर्चीवर. मला आत्ता सांगता येत न्हाई तसं चालंल का ते.

तौफिक : बरोबर आहे.

भीमराज : दोन्ही बांधा. पातळ माझं. जाड तिचं.

तौफिक : पैसे नका देऊ.

भागिरथी : पैसे द्या त्याला. दोन्हीचं द्या. तिनं फुकट न्हेलं नसतं.

भीमराज : देतो. हे घ्या. मोजून घ्या.

भागिरथी : जाड मी धरते. पिशवीत नको. किती जड हाय वो हे. एवढं सगळं वाचनार हुती?

तौफिक : वाचलं असतं तिनं.

भागिरथी : लेका, येत्या रविवारी विहारात मानसं जमत्यात. सकाळी नवाला. बायामानसं, म्हातारी, समदी. रंगुबाई असती, आबासाहेब बी येत्यात कधीमधी. तू यायचंस.

तौफिक : मी?

भागिरथी : तूच. आत्ता इथं जसं सांगितलंस तसं तिथं सांगायचं. पुस्तक ठेवलं ते, दिलं ते, फोन लावला ते. हाक मारली ते बी.

भीमराज : भागिरथी, सगळ्यांसमोर? त्याला उभा करून?

भागिरथी : माझ्या पोरीला उभी केली ना सगळ्यांनी, ती नसताना.

तौफिक : मावशी, लोक चिडले तर? तुषारच्या घरचे असतील तर?

भागिरथी : चिडतील. त्याची आई झुंबरबाई माझ्याच शेजारी बसंल. तिच्या बी पोराचं नाव खराब झालंय. तिला निरोप मी धाडते. तुला कोन हात लावायला आलं तर मी हाय. मातर यायचं.

तौफिक : नवाला.

भागिरथी : पयल्या एष्टीनं ये. घोडेगावला हे उभं राहत्याल. राहत्याल ना वो?

भीमराज : ...राहीन.

तौफिक : येतो. परत फिरणार नाही. फक्त मला एवढं सांगा, सुरुवात कशी करू? तिथं उभं राहिल्यावर मला सुचायचं नाही.

भागिरथी : दीपा पुस्तक आनायला गेल्ती, इथनं सुरू कर. तुझं सांगून झालं की बस. मंग मी उठनार हाय.

भीमराज : तू कशाला उठतीस? तुला काय सांगायचंय?

भागिरथी : दारात आनून ठेवली हुती तिला, आनि गावाचं खरं धरून मी तिचं तोंड बगायला भाईर आले न्हाई, ते.